नातीची पेटी आणि आजीची त्वचा

दिवाळी सरली की बालाघाटच्या डोंगरावरून येणारा वारा कोरडा होऊ लागतो. रामलिंगच्या रानातील गवत पिवळे पडते आणि इकडे येडशीत, माझ्या दवाखान्याच्या बाकावर बसलेली ज्येष्ठ मंडळी बोलता बोलता नकळत नडगी खाजवू लागतात. पंचवीस वर्षांहून अधिक काळ हे दृश्य मी दर हिवाळ्यात पाहत आले आहे. अलीकडे त्यात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीस असलेली नातवंडे सणाला गावी येतात, तेव्हा त्यांच्या सामानात छोट्या, देखण्या बाटल्यांची एक पेटी असते. टोनर, एसेन्स, सीरम, ॲम्प्यूल, क्रीम, सनस्क्रीन अशी त्यांची नावे, आणि बहुतेकांवर कोरियन अक्षरे. सुटी संपवून मुले परत जातात, दोनचार बाटल्या आजीच्या फडताळात राहतात. मग एके दिवशी त्या पिशवीतून माझ्या टेबलावर येतात आणि प्रश्न होतो, "डॉक्टरीणबाई, यातलं आधी काय लावायचं?"

वाचकहो, हा प्रश्न ऐकून हसू नये, असे मला मनापासून वाटते. "या वयात कशाला हवेत असले थाट?" हे वाक्य आपल्या घरांत फार सहज उच्चारले जाते. आयुष्यभर उन्हात राबलेल्या, स्वतःच्या चेहऱ्याकडे निवांत पाहण्यास ज्यांना कधी सवड मिळाली नाही, अशा बायांना सत्तरीत कुणी प्रेमाने एक बाटली आणून दिली, तर तिची उत्सुकता वाटणे स्वाभाविक आहे. मात्र हीच उत्सुकता मला वैद्यक म्हणून दोन गोष्टींची काळजी करावयास लावते. पहिली अशी की, चेहऱ्यावर सहा थर चढत असताना नडगीवरच्या, पाठीवरच्या आणि टाचांवरच्या त्वचेकडे कुणाचेच लक्ष नसते. दुसरी अशी की, या चांगल्या बाटल्यांच्या सोबतीने काही वाईट डब्याही घरात शिरतात. या दोहोंविषयी आज आपल्याशी सविस्तर बोलावे म्हणते.

थरांमागचा विचार

प्रथम या कोरियन पद्धतीचे मर्म समजून घेऊ. परदेशांत तिची ख्याती 'दहा पायऱ्यांची' अशी झाली. रात्री आधी तेलकट द्रव्याने, मग सौम्य फेसाने चेहरा धुणे; त्यानंतर टोनर, एसेन्स, सीरम, डोळ्यांभोवतीचे क्रीम, शेवटी दाट क्रीम; आणि सकाळी या सर्वांवर सनस्क्रीन. दहाच्या दहा पायऱ्या रोज चढाव्यात असा नियम कुठेही नाही. खुद्द कोरियातही अलीकडे मोजके थर लावण्याकडे कल वाढला आहे. आकडा बाजूला ठेवला तर या पद्धतीत तीन शहाणपणाच्या गोष्टी उरतात. त्वचा घासू नये, हळुवार धुवावी. ओल असतानाच ती ओल धरून ठेवणारे द्रव्य लावावे. आणि पातळ ते आधी, दाट ते नंतर.

शेवटच्या नियमामागचे कारण सोपे आहे. पाण्यासारखा पातळ थर त्वचेत मुरावयाचा असतो. त्याआधीच मलमाचा किंवा तेलाचा दाट थर बसला, तर पातळ द्रव्य आत पोहोचत नाही, वरच ओघळते. आपण सारवलेल्या भुईवर रांगोळी काढतो. रांगोळीवर सारवत नाही. इतकेच ते आहे.

यांतील बरीचशी द्रव्ये आपल्या घराला अनोळखीही नाहीत. 'सिका' या नावाने जी क्रीमे विकली जातात, त्यांतील वनस्पती म्हणजे आपली मंडूकपर्णी. तांदळाचे पाणी तिथेही आहे, इथेही आहे. जुन्या कोरियात मूग आणि लाल चवळीसारख्या कडधान्यांचे पीठ चेहरा धुण्यास वापरीत. आपल्या आज्या मसुराचे आणि हरभऱ्याच्या डाळीचे पीठ वापरीत. तेव्हा बाटली परकी असली तरी कल्पना परकी नाही. आता ती कल्पना सत्तरीच्या त्वचेस कशी लागू करावयाची, हे पाहावे लागेल. कारण या बाटल्या बव्हंशी विशी-तिशीच्या चेहऱ्यांसाठी घडविलेल्या आहेत.

वय वाढते तेव्हा त्वचेत काय घडते

आपल्या भागात ज्यांचे बालपण माळवदाच्या घरात गेले, त्यांना हे चटकन उमजेल. माळवदावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पांढरी माती पसरावी लागे. ती पसरली नाही की भेगा पडत आणि पहिल्या पावसात घर गळू लागे. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर असाच असतो. मृत पेशींच्या चपट्या चकत्या एकमेकींवर रचलेल्या, आणि त्यांच्या फटींत लिंपलेला स्निग्धांश. हे लिंपण शाबूत असेल तर आतले पाणी बाहेर उडून जात नाही आणि बाहेरचे जंतू, धूळ, साबण आत शिरत नाहीत.

वयानुसार हे लिंपण नव्याने बनण्याचा वेग मंदावतो. तेलग्रंथींचे काम घटते. स्त्रियांमध्ये पाळी गेल्यानंतर हा बदल अधिक जाणवतो. त्वचा पातळ होते, तिचे वरचे आणि खालचे पदर एकमेकांना पूर्वीइतके घट्ट धरून राहत नाहीत, म्हणून खाटेच्या कडेला हात घासला तरी साल निघते. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू सुमारे ४.५ ते ५.५ असतो. आपल्या नेहमीच्या वडीच्या साबणाचा सामू ९ ते १० च्या आसपास. तरुण त्वचा हा फरक काही तासांत भरून काढते, वृद्ध त्वचेला अधिक वेळ लागतो. त्यात बोअरचे जड पाणी असेल तर साबण नीट धुतला जात नाही, त्याचा पापुद्रा अंगावर राहतो. त्यावर कडकडीत पाण्याची अंघोळ आणि बाहेर कोरडा वारा. नडगीला खाज का सुटते, याचे उत्तर बहुतेक वेळा एवढ्यातच असते.

ज्येष्ठांसाठी तीन थर

माझ्याकडे पेटी घेऊन येणाऱ्यांना मी सांगते, की साठीनंतर दहा पायऱ्यांपैकी तीनच पुरेशा आहेत, पण त्या रोज व्हाव्यात आणि चेहऱ्यापुरत्या नसाव्यात.

पहिली पायरी धुण्याची. पाणी कोमट असावे, अंघोळ पाच ते दहा मिनिटांत आटोपावी. साबण सर्वांगाला रोज लावण्याची गरज नसते; काखा, जांघा आणि पावले यांना लावला तरी पुरतो. खसखसून घासणारी वजरी किंवा काथ्याचा घासणा नडगीवर आणि पाठीवर फिरवू नये. पेटीत सौम्य फेसाचा क्लेन्झर असेल तर तो चेहऱ्यासाठी उत्तम. तेलकट क्लेन्झर हा मुळात मेकअप आणि दाट सनस्क्रीन उतरविण्यासाठी असतो. ज्यांनी ते लावलेलेच नाही, त्यांनी तो नातीला परत द्यावा.

दुसरी पायरी ओल धरण्याची आणि ती झाकण्याची. अंग पंच्याने टिपून घ्यावे, रगडू नये. आणि त्वचा दमट असतानाच, शक्यतो तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावावे. ग्लिसरीन, ह्यालुरॉनिक आम्ल, युरिया ही द्रव्ये पाणी धरतात. पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन यांसारखी द्रव्ये त्या पाण्यावर झाकण घालतात. सेरामाइड हा त्वचेच्या मूळच्या लिंपणाचाच एक घटक. तो क्रीममध्ये असल्यास चांगले. टोनर आणि एसेन्स हे बहुतांशी पाणी आणि पाणी धरणारी द्रव्ये असतात. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते नुसते लावून सोडून देण्यात अर्थ नाही; त्यावर क्रीमचे झाकण हवेच. आणि ओल्या अंगावर थेट क्रीम लावले तर टोनरचे बरेचसे काम अंघोळीच्या पाण्यानेच झालेले असते. हे ऐकून नाती थोड्या नाराज होतात. आज्यांना मात्र हायसे वाटते.

येथे मापाचा हिशेब महत्त्वाचा आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेले क्रीम साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि ते दोन तळव्यांएवढ्या त्वचेला पुरते. सर्वांगाला एक वेळ लावण्यास २० ते ३० ग्रॅम लागते. सीरमची बाटली बहुधा ३० मिलिलिटरची असते, म्हणजे ती एका अंघोळीतच संपावी! म्हणून अंगासाठी साधे, बिनवासाचे, मोठ्या बाटलीतले किंवा डब्यातले क्रीम घ्यावे. परवडत नसेल तर शुद्ध खोबरेल तेल ओल्या अंगावर लावावे. कोरड्या त्वचेसाठी ते चांगले काम करते. अंघोळीआधी तेल चोळून नंतर साबणाने ते धुऊन काढणे म्हणजे लिंपलेली माती स्वतःच खरवडून टाकणे होय.

तिसरी पायरी उन्हापासून रक्षणाची. चेहऱ्यावर सकाळचा शेवटचा थर सनस्क्रीनचा. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेघा चेहरा आणि मान यांसाठी लागतात. मुगाच्या दाण्याएवढे लावून उपयोग नाही. एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक असावा, आणि बाहेर राहणार असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे. परंतु शेतावर जाणाऱ्या आजोबांना मी आधी टोपी, उपरणे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा सांगते, आणि आजींना डोक्यावरचा पदर व छत्री. कापडाचा थर घामाने वाहून जात नाही. रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा संसर्गासाठी डॉक्सीसायक्लिन घेणाऱ्यांच्या त्वचेला ऊन अधिक बाधते, हेही ध्यानात ठेवावे. गोळ्या मात्र मनाने बंद करू नयेत.

तक्रार कोणती, थर कोणता

आता वेगवेगळ्या तक्रारींविषयी.

कोरडेपणा आणि खाज असेल तर वरच्या तीन पायऱ्या दोन ते तीन आठवडे नेटाने कराव्यात. टाचांच्या भेगांसाठी आणि खरखरीत नडगीसाठी १० टक्के युरिया असलेले क्रीम उपयोगी. मात्र चिरलेल्या त्वचेवर ते झोंबते, तेथे आधी साधी पेट्रोलियम जेली लावावी.

गालांवरचे वांग आणि उन्हाचे डाग यांसाठी पेटीत बहुधा नायसिनामाइडचे सीरम असते. हे द्रव्य सौम्य आहे. कोरियातील नियमांप्रमाणे त्वचा उजळवण्याचा दावा करणाऱ्या उत्पादनात ते २ ते ५ टक्के असते. चेहरा धुतल्यावर, क्रीमच्या आधी, दोन-तीन थेंब पुरेत. फरक दिसण्यास दोन-तीन महिने लागतात, आणि सनस्क्रीनवाचून तो टिकत नाही. डाग अकस्मात वाढू लागला, त्याचा रंग एकसारखा राहिला नाही, त्यातून रक्त आले किंवा तेथील जखम महिनाभरात भरली नाही, तर सीरम बाजूला ठेवून आधी तपासून घ्यावे.

सुरकुत्यांसाठी रेटिनॉल सुचविले जाते. वृद्ध, कोरड्या त्वचेला ते सहज चुरचुरते. आपली इच्छाच असेल तर आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढे, क्रीम लावल्यानंतर त्यावर लावावे. म्हणजे 'पातळ आधी, दाट नंतर' हा नियम येथे जाणूनबुजून मोडावा, त्याने दाह कमी होतो. रेटिनॉल आणि फळांची म्हणविली जाणारी आम्ले एकाच रात्री लावू नयेत. आणि खरे सांगू? उन्हाने आणि हसण्याने पडलेल्या रेषा पूर्णपणे पुसणारे क्रीम जगात कुठेही मिळत नाही.

मानेवरचा आणि काखेतला मखमली काळेपणा हा मळ नव्हे. तो पुष्कळदा शरीरात इन्शुलिनचे काम नीट होत नसल्याची खूण असते. तिथे सीरम लावण्याऐवजी रक्तातील साखर तपासावी. स्तनांखाली, पोटाच्या वळीत, जांघेत चुरचुरणारा लालसर पट्टा दिसला तर तो बहुधा बुरशीचा असतो. तेथे दाट क्रीमने ओल कोंडू नये, जागा कोरडी ठेवावी आणि औषध विचारून घ्यावे. मधुमेहींनी पावलांना क्रीम अवश्य लावावे, पण बोटांच्या बेचक्यांत लावू नये.

नवे काहीही लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूस, रुपयाएवढ्या जागेवर, आठवडाभर रोज दोनदा लावून पाहावे. एका वेळी एकच नवी बाटली सुरू करावी. चार बाटल्या एकदम सुरू केल्या आणि चेहरा लाल झाला, तर दोष कुणाचा हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

बाटली वाचावी कशी

आयात केलेल्या सौंदर्यप्रसाधनावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि आपल्या देशातील आयात नोंदणी क्रमांक छापलेला असणे नियमाने आवश्यक आहे. तो नसेल तर बाटली कोणत्या वाटेने आली हे कळत नाही. कोरियन लेबलवर तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी असते; ती कधी निर्मितीची असते, कधी मुदतीची. म्हणून नातवंडाकडून ती वाचून घ्यावी आणि बाटलीवर मराठीत मोठ्या अक्षरांत 'अमुक तारखेपर्यंत' अशी चिठ्ठी चिकटवावी. उघड्या डबीचे चित्र आणि त्यात १२ हा आकडा असेल, तर उघडल्यापासून बारा महिन्यांत ते संपवावे असा त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातील घरांसाठी. 'स्नेल म्यूसिन' हे कोरियातील फार गाजलेले द्रव्य म्हणजे गोगलगायीचा स्राव. त्वचेला त्यापासून सहसा अपाय नाही. परंतु गळ्यात तुळशीची माळ असलेल्या आजीला ते काय आहे, हे न सांगता लावावयास देणे मला योग्य वाटत नाही. तिला सांगावे, आणि लावायचे की नाही ते तिने ठरवावे. काही क्रीमांतील कोलॅजन माशांपासून काढलेले असते, तेही असेच विचारून घ्यावे.

आता त्या वाईट डब्यांविषयी. ज्यांवर ना घटकांची यादी, ना निर्मात्याचा पत्ता, आणि आठ दिवसांत गोरे करण्याचे वचन, अशी क्रीमे आठवडी बाजारात, काही पार्लरांत आणि फोनवरील जाहिरातींतून मिळतात. अलीकडे त्यांवरही 'कोरियन' हा शब्द छापलेला दिसतो. यांतील काहींत पारा असतो. अकोल्यातील एका कुटुंबातील आई आणि दोन मुलींना अशा क्रीमच्या वापरानंतर मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा आढळला. २०२३ च्या आरंभी ही बातमी वर्तमानपत्रांतून आली होती. केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमे लावीत होते. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साचतो. आपल्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनात पारा मिसळण्यास मनाई आहे. नकळत राहून गेलेला अंशही डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता दहा लाखांत एक भागाहून अधिक चालत नाही. घरात कुणी असे क्रीम लावीत असेल आणि पायांवर सूज किंवा लघवीला फेस दिसत असेल, तर क्रीमची डबी सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

दुसरा शत्रू अधिक ओळखीचा, तो म्हणजे स्टेरॉइडचे मलम. नायट्यासाठी एकाला दिलेली ट्यूब घरभर फिरते आणि शेवटी चेहऱ्यावर पोहोचते. पहिल्या आठवड्यात खाज थांबते, रंग उजळतो; काही महिन्यांत त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि मलम थांबविले की चेहऱ्याची आग होते. वृद्धांची त्वचा आधीच पातळ असल्याने हे नुकसान लवकर होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीवाचून विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. दुकानदाराने न मागता दिली तरी आपण ती घेऊ नयेत. ज्यांना ती दीर्घकाळ लावण्याची सवय जडली आहे, त्यांनी अचानक बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू सोडवावीत.

निरांजन, बिडी आणि न्हाणीघर

सांभाळ करणाऱ्यांसाठी दोन सावधगिरीच्या सूचना. पहिली आगीची. पॅराफिन, पेट्रोलियम जेली किंवा तेल असलेली क्रीमे धोतरात, लुगड्यात, अंथरुणात मुरतात. असे कापड ठिणगी लागताच साध्या कापडापेक्षा वेगाने पेट घेते, आणि नेहमीच्या धुण्याने ते द्रव्य पूर्ण निघत नाही. म्हणून क्रीम लावलेल्या आजोबांनी बिडी ओढू नये, आजींनी पदर सावरल्याखेरीज निरांजनाजवळ किंवा चुलीजवळ वाकू नये. अंथरुणाच्या चादरी वारंवार बदलाव्यात.

दुसरी पडण्याची. तळपायांना क्रीम लावावयाचे ते रात्री, खाटेवर बसवून, आणि त्यावर सुती मोजे घालून. लावल्यावर लगेच चालावयास लावू नये. न्हाणीघरात तेल सांडले तर ते तेव्हाच पुसावे. सत्तरीनंतर खुब्याचे हाड मोडणे ही कोरड्या त्वचेपेक्षा कितीतरी मोठी आपत्ती आहे.

लावणारा हात

माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवातून मला सर्वांत मोलाचे वाटते ते बाटलीत मिळत नाही. गेल्या हिवाळ्यात एक सून सासऱ्यांना घेऊन आली. ती रोज रात्री त्यांच्या पायांना साधे क्रीम लावीत असे. त्या दिवशी डाव्या अंगठ्याखाली तिच्या बोटाला ओलसर खळगा लागला. सासऱ्यांना मधुमेह जुना, पायांची संवेदना गेलेली. चपलेतला खिळा कधी रुतला हे त्यांना कळलेही नव्हते. जखम अजून वरवर होती. तीन आठवड्यांच्या मलमपट्टीने ती भरली. आणखी दहा दिवस कुणी पाहिले नसते तर बोट वाचविणे कठीण झाले असते. क्रीमची किंमत काय असेल ती असो. त्या पायाला रोज हात लागत होता, म्हणून तो पाय शाबूत राहिला.

म्हणून ज्यांच्या घरी वृद्ध आहेत, विशेषतः अंथरुणास खिळलेले, त्यांना माझी विनंती आहे. क्रीम लावण्याची ती दहा मिनिटे पाहण्याचीही असू द्या. टाचा, घोटे, माकडहाड, खुबे आणि पाठीचे मणके यांवर लालसर किंवा काळसर डाग आहे का, तो दाबल्यावर फिका पडतो का, तिथली त्वचा अधिक गरम किंवा मऊ लागते का, हे पाहा. असा डाग असेल तर ती जागा चोळू नका. त्यावरील भार काढा, दर दोन तासांनी कूस बदला आणि कळवा. खाज रात्री वाढत असेल आणि घरात इतरांनाही सुटली असेल, तर ती खरूज असू शकते. तेव्हा सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. त्वचेवर काहीच दिसत नसताना महिनोन्‌महिने खाज टिकत असेल, वजन घटत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड आणि रक्त यांच्या तपासण्या कराव्या लागतात. क्रीम बदलत बसून तो काळ दवडू नये.

आणि ज्या नातवंडांनी ही पेटी आणली, त्यांनाही दोन शब्द. पुढच्या खेपेला सहा बाटल्यांऐवजी एक मोठा, बिनवासाचा मॉइश्चरायझर आणि एक सनस्क्रीन आणा. सुटीच्या दिवसांत रोज रात्री आजीच्या पायांशी बसून तो स्वतःच्या हाताने लावा. लावता लावता तिच्या नडग्या, टाचा, बोटांची बेचकी नीट पाहा, आणि परत जाताना हे काम घरातील कोणावर सोपविले आहे, याची खात्री करून मगच एसटीत बसा.